फोटोत कुणी चिडत नाही

ताई,

आईला जाऊन दीड वर्ष झालं. तिचं सगळं माझ्याकडे आहे, फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट, व्हॉइस नोट्स, तिने फॉरवर्ड केलेली गुलाबाची चित्रंसुद्धा, मिळून अकरा हजारांच्या वर फाइली आहेत आणि एकही डिलीट केलेली नाही. रोज रात्री झोपताना फोटो बघते. तर परवा मुलीने विचारलं, आजी चिडली की कशी दिसायची गं? आणि मला आठवेचना. ती चिडायची हे आठवतं, पण चेहरा येत नाही. डोळे मिटले की फोटोच येतात, तेही तेच तेच. नवरा म्हणतो काढून टाक सगळं, मनात आहे ते राहील. भाऊ म्हणतो क्लाउडवर आहे ना, मग कसली काळजी. आणि मी घाबरून बाबांचं बोलणं रेकॉर्ड करायला लागलेय, तर ते आता माझ्याशी बोलायच्या आधी विचारतात, "चालू केलंस का ते?" मी आईला विसरतेय का? हे सगळं ठेवू की टाकू? मला तूच म्हणा, मी लहान आहे तुमच्यापेक्षा.

– अकरा हजारवाली

ता. क. भाचा म्हणतो तिच्या व्हॉइस नोट्सवरून तिचा आवाज बनवता येतो, आपण टाइप केलं की ती बोलेल. करू का?

*

अगं अकरा हजारवाली,

आधी उत्तर देऊन टाकते, कारण ते मिळाल्याशिवाय तुझं पुढच्यात लक्ष लागणार नाही. नाही, तू आईला विसरत नाहीयेस. तू आईचा एक ठराविक भाग रोज रात्री घोकतेयस आणि बाकीचा घोकला जात नाहीये, एवढंच झालंय, आणि ते बऱ्यापैकी दुरुस्त होण्यासारखं आहे.

आपल्याला वाटतं आठवण आत कुठेतरी जशीच्या तशी ठेवलेली असते आणि आपण ती फक्त काढून बघतो. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ सालीच या समजुतीला सुरुंग लावला होता. लोकांना एक अनोळखी गोष्ट वाचायला द्यायची आणि मग काही वेळाने, काही दिवसांनी, कधी कित्येक महिन्यांनी ती परत सांगायला लावायची. दरवेळी गोष्ट आखूड व्हायची, विचित्र वाटणारे तुकडे गळायचे आणि सांगणाऱ्याच्या ओळखीच्या गोष्टी आत शिरायच्या. म्हणजे आपण दरवेळी गोष्ट नव्याने जुळवतो, हाताशी जे तुकडे असतील त्यातून. आणि तुझ्या हाताशी रोज रात्री कोणते तुकडे असतात, तर गॅलरीतले.

आता याच्या पुढची गंमत, म्हणजे तुझ्या दृष्टीने गंमत नाहीच ती, पण ऐक. १९९४ साली अँडरसन आणि ब्यॉर्क मंडळींनी एक प्रयोग केला, त्यात लोकांना शब्दांचे गट पाठ करायला दिले आणि मग काही गटांतल्या निम्म्याच शब्दांचा सराव करून घेतला. सराव झालेले शब्द अर्थातच पक्के झाले, पण त्याच गटातले उरलेले निम्मे इतके पुसट झाले की ज्या गटांना कुणी हातही लावला नव्हता त्यांतले शब्द त्यांच्यापेक्षा बरे आठवत होते. प्रयोगशाळेतली शब्दांची यादी आणि आपली आई यात फरक आहे हे मलाही कळतं, तरी तुझं पत्र वाचताना मला पहिला हाच प्रयोग आठवला. रोजच्या पायाखालची वाट रुंद होत जाते आणि शेजारच्या वाटेवर गवत माजतं. वाट तिथेच असते, दिसत नाही फक्त.

आणि चिडलेला चेहरा नेमका त्या गवतात जाणार हे ठरलेलंच होतं, कारण फोटोत कुणी चिडत नाही. कॅमेरा समोर आला की माणूस पदर सारखा करतो, चष्मा काढतो, हसतो, आणि चिडलेल्या माणसाचा फोटो काढायची तर कुणाची हिंमतच नसते. तुझ्या अकरा हजारांत आई कंटाळलेली किती वेळा आहे? हिशोब जुळत नाही म्हणून पुटपुटताना? कुणाशी तरी अबोला धरलेली? शून्य असणार. तुझ्याकडे आईच्या तयार होऊन बसलेल्या क्षणांचा भलामोठा साठा आहे, आणि बाकीची आई, जी तू रोज बघितलीस आणि म्हणूनच जिचा फोटो काढावासा कुणाला वाटला नाही, ती फक्त माणसांच्या डोक्यात आहे. तुझ्या, बाबांच्या, भावाच्या.

तेव्हा माझं पहिलं सांगणं असं की सध्या थोडे दिवस रात्री गॅलरी उघडू नकोस. डिलीट काही करायचं नाही, फक्त उघडायची नाही. त्याऐवजी एक वही घे (फोनमधलं नोट्सचं अ‍ॅप नको, तू तिथून बोटाच्या एका सवयीने गॅलरीत जाशील, मला माहितेय) आणि तिच्यात फक्त अशाच गोष्टी लिही ज्या एकाही फोटोत नाहीत. ती जिना चढताना आवाज कसा यायचा. चिडली की मोठ्याने बोलायची की एकदम गप्प व्हायची. नाव घेऊन हाक मारायची तेव्हा पूर्ण नाव कधी आणि लाडाचं कधी. कुणाचा फोन आला की तोंड वाकडं व्हायचं. तुला तिचं काय पटायचं नाही, हेही लिही, मुद्दाम लिही, गेलेल्या माणसाबद्दल फक्त चांगलं लिहायला लागलो की तोही एक सजवलेला फोटोच होतो. पहिल्या दिवशी चार ओळी होतील आणि तू म्हणशील काही आठवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एकातून एक निघायला लागतं, कारण आठवण बहुतेकदा दुसऱ्या आठवणीच्या बोटाला धरून येते. आणि सगळं बरोबरच आठवेल असं नाही, चुकेलही, जिथे खात्री नसेल तिथे "बहुतेक" असं लिहून मोकळी हो.

मग बाबा. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य त्यांचं आहे, "चालू केलंस का ते?" म्हणजे ते आता तुझ्याशी बोलत नाहीयेत, पुढे कधीतरी ते ऐकणाऱ्या कुणाशी तरी बोलतायत, आणि तो कोण आहे ते त्यांना माहीत नाही, म्हणून आवरून बोलतायत. तू त्यांनाही फोटोत बसवलंस बघ. रागवू नकोस, तुझी भीती कळते मला. पण रेकॉर्डिंगचा दुसरा तोटा तुला स्वतःलाही आहे. लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, लोकांना म्युझियममध्ये फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर ज्यांचे फोटो काढले होते त्या वस्तू कमी आठवत होत्या. फक्त एक अपवाद होता, वस्तूचा एखादा भाग झूम करून फोटो काढला तर आठवण शाबूत राहत होती. आणि २०१७ च्या एका अभ्यासात असंही दिसलं की आपल्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना बघितलेलं उलट जास्त लक्षात राहतं, पण ऐकलेलं कमी. तेव्हा कॅमेरा हा काही राक्षस नाही, तुझं लक्ष कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. तुझं लक्ष सध्या लाल ठिपका चालू आहे ना याच्यावर असतं.

म्हणून बाबांशी सरळ बोलून ठरवून टाक. आठवड्यातून एखादा दिवस, थोडाच वेळ, त्यांना सांगून, एकच विषय घेऊन रेकॉर्ड करायचं, तुझं ते झूम करणं समज. बाकीच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. आणि त्या बाकीच्या वेळी मुलीला शेजारी बसवून तिचा प्रश्न बाबांना विचार, आजी चिडली की कशी दिसायची? इतकी वर्षं तिच्या चिडण्याच्या समोर उभा राहिलेला माणूस घरात असताना तू गॅलरीत शोधतेयस! ते सांगतील, कदाचित नक्कल करून दाखवतील, भाऊ म्हणेल छे असं नव्हतंच, वाद होईल. होऊ दे. कोण बरोबर हे ठरवायच्या मागे लागू नकोस, मुलीला त्या वादातून जी आजी मिळेल ती तुझ्या फोल्डरमध्ये नाही.

हे मी भावनेच्या भरात सांगत नाहीये. केंब्रिजच्या एका हॉस्पिटलमध्ये मेंदूच्या आजारामुळे स्मरणशक्ती गेलेल्या एका बाईंना आपोआप फोटो काढणारा सेन्सकॅम नावाचा छोटा कॅमेरा गळ्यात घालायला दिला होता, २००७ साली ते छापून आलं. त्या आणि त्यांचा नवरा ते फोटो परत परत एकत्र बसून बघायचे, आणि त्या घटना त्यांना पुढे कित्येक महिने आठवत राहिल्या, तेही नंतर फोटो न बघता. आता यात फोटो किती होते याला महत्त्व नाही, ते कुणीतरी बरोबर बसून बघितले, त्यावर बोललं गेलं, याला माझ्या मते जास्त आहे. तू एकटी, अंधारात, अंगठ्याने भराभर सरकवत बघतेस. त्यात बोलणं कुठे आहे?

आता नवऱ्याचं म्हणणं. "मनात आहे ते राहील" हे ऐकायला छान आहे आणि पूर्ण चुकीचं आहे, मनातलं राहत नाही, बदलत राहतं, आत्ताच तर बघितलं आपण. दुःख ताजं असताना काहीही कायमचं काढून टाकू नये असं माझं ठाम मत आहे, दीड वर्ष म्हणजे ताजंच. पण त्याच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे ती अशी की सगळं ठेवलं म्हणजे अर्थ लागत नाही. लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने शेरेशेव्हस्की नावाच्या एका माणसाचा कित्येक वर्षं अभ्यास केला, त्याला एकदा ऐकलेल्या लांबलचक याद्या वर्षानुवर्षांनी जशाच्या तशा आठवायच्या, विसरता येत नाही हीच त्याची तक्रार होती. आणि या माणसाला लोकांचे चेहरे लक्षात ठेवणं अवघड जायचं! कारण त्याच्या मते चेहरे सारखे बदलतात, मूडप्रमाणे बदलतात, मग यातला नेमका चेहरा कोणता? आपण हजार बारीकसारीक गोष्टी सोडून देतो म्हणून आपल्या मनात "आई" असा एक चेहरा तयार होतो. थोडं विसरणं हे आठवण्याच्या कामाचाच भाग आहे, त्याचा अपराधीपणा घेऊ नकोस.

ज्यांचं जपून ठेवणं हेच काम आहे ते तरी सगळं कुठे ठेवतात? अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार स्वतःच सांगतं की सरकारी कामकाजात तयार होणाऱ्या कागदपत्रांपैकी फक्त १ ते ३ टक्के ते कायमचे ठेवतात. निवड करणं हेच त्यांचं मुख्य काम. तूही निवड कर, पण टाकण्यासाठी नाही, वर काढण्यासाठी. अकरा हजार जिथे आहेत तिथे राहू देत, त्यातल्या तीस-चाळीस फाइली वेगळ्या काढ आणि प्रत्येकीखाली दोन-चार ओळी लिही, कोण आहे, कधीचं आहे, फोटो कुणी काढला, त्याच्या आधी किंवा नंतर काय झालं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढच्या पिढीला चेहरा दिसेल पण तो फोटो काढायच्या दहा मिनिटं आधी तुम्ही दोघी कडाकडा भांडला होतात हे कुठल्याच फाइलमध्ये नाही.

आणि निवडताना फोटोंपेक्षा व्हॉइस नोट्सना आधी हात घाल. त्या पिढीच्या बऱ्याच जणी व्हॉइस नोटची सुरुवातच "हॅलो... हॅलो?" अशी करतात, समोरून उत्तर येईल म्हणून क्षणभर थांबतात, आणि बोलून झालं की बंद कसं करायचं ते न कळल्यामुळे पुढचे काही सेकंद नुसती खुडबुड, टीव्हीचा आवाज, "झालं का गं हे?" असं कुणालातरी विचारणं. आईच्याही असल्या नोट्स असतील तर त्याच निवड. त्या खुडबुडीत ती आवरून बसलेली नाहीये. मात्र अँड्रॉइड फोन असेल तर त्या फाइली पीटीटी, मग तारीख, मग नंबर अशा नावांनी पडलेल्या असतात आणि सगळ्या माणसांच्या एकाच ठिकाणी मिसळलेल्या, नाव वाचून आई कुठली आणि ऑफिसमधला माणूस कुठला काही कळत नाही. तेव्हा निवडलेली प्रत्येक फाइल कॉपी करून तिला माणसासारखं नाव दे, आई, तारीख, विषय.

भावाला सांग की क्लाउडवर आहे म्हणजे आहेच असं नसतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, आपल्यातल्या किती जणांचं कॉलेज त्यात गेलं. मायस्पेस या जुन्या सोशल साइटने २०१९ मध्ये सांगितलं की २०१६ च्या आधी लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना गेली. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मोजलं तर २०१३ साली असलेल्या वेबपेजेसपैकी ३८ टक्के दहा वर्षांत गायब झाली होती. आणि मुळात फोन आणि क्लाउड सिंक असणं म्हणजे बॅकअप नव्हे, झोपेत फोनवर डिलीट दाबलं गेलं तर क्लाउडवरूनही जातं, काही दिवस ट्रॅशमध्ये राहतं आणि मग संपलं.

एक गोष्ट मात्र खरंच घाईची आहे, बाकी सगळं राहू दे पण ही या आठवड्यात कर. आईचं स्वतःचं गुगल अकाउंट होतं का? दोन वर्षं वापर नसलेली पर्सनल अकाउंट्स गुगल फोटोंसकट काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून ते सुरू झालंय. तुझं दीड वर्ष होऊन गेलंय. तिचा फोन कपाटात असेल तर चार्ज कर, उघडतोय का बघ, आणि गुगल टेकआउटमधून (अकाउंटमधलं सगळं डाउनलोड करायची गुगलचीच सोय) सगळं उतरवून घे. तिचा नंबर बंद पडायच्या आत कर, कारण नंबर गेला की ओटीपी येणार नाही, आणि काही काळाने तो नंबर दुसऱ्या कुणालातरी मिळतो, मग एक दिवस "आई" या नावासमोर अनोळखी माणसाचा डीपी दिसतो. त्याची मनाची तयारी ठेव, किंवा आत्ताच नाव बदलून "आईचा जुना नंबर" कर.

व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट एक्सपोर्ट करून ठेव, साधी टेक्स्ट फाइल मिळते, ती कुठेही उघडते. चॅट मोठं असेल तर सगळं एका दमात येत नाही, जुने मेसेज सुटतात, म्हणून फाइल उघडून सुरुवात कुठल्या तारखेपासून आहे ते बघ. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंची क्वालिटी कमी झालेली असते आणि कधी-कुठे काढला ही माहिती निघून गेलेली असते, मूळ फोटो काढणाऱ्याकडून मागून घे. आणि मग तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. भावाकडे एक हार्ड डिस्क दे, त्याला काळजी नाही ना, मग त्याच्याकडेच ठेव. वर्षातून एकदा लावून बघायची.

हे तांत्रिक एवढं का सांगतेय, तर स्टॉर्म आणि स्टोन यांचा २०१५ चा एक प्रयोग आहे. एक फाइल वाचून झाल्यावर सेव्ह करू दिली तर पुढची नवी फाइल लोकांना जास्त चांगली लक्षात राहिली, म्हणजे आधीचं सुरक्षित आहे कळल्यावर डोकं मोकळं झालं. पण सेव्ह होतंच असा भरवसा नसेल तर हा फायदा दिसला नाही. तू दीड वर्ष पहारा देतेयस. नीट बॅकअप झाला की रात्री उठून सगळं जागेवर आहे ना हे बघायचं कारण उरत नाही, आणि वहीला वेळ मिळतो.

आता भाच्याची आयडिया. पोरगं चांगल्या मनाने म्हणतंय, त्याला ओरडू नकोस, पण माझ्या मते नको. २००२ मधला एक अभ्यास आहे, वीस मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीचा एक फोटो दाखवला ज्यात ते हॉट एअर बलूनमध्ये बसलेत. फोटो खोटा, जुळवलेला, असं कधी घडलंच नव्हतं हे घरच्यांकडून आधी विचारून घेतलेलं. तीन मुलाखती होईपर्यंत निम्म्या लोकांना त्या सफरीबद्दल काही ना काही "आठवायला" लागलं होतं. हे एका खोट्या फोटोने झालं. तू आईच्या आवाजात रोज नवी वाक्यं ऐकलीस, आणि ती तुला हवी तीच वाक्यं असणार, तर काही वर्षांनी तिने खरंच काय म्हटलं होतं आणि भाच्याने काय टाइप केलं होतं हे तुलाच सांगता येणार नाही. आत्ता चिडलेला चेहरा आठवत नाही म्हणून तू मला पत्र लिहिलंस, आणि ती बनवलेली आई तर तुझ्यावर कधीच चिडणार नाही.

घरात दुसऱ्या कुणी हौसेने बनवलंच तर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला लाव आणि फाइलच्या नावातच "बनवलेलं" असा शब्द घाल, खऱ्या व्हॉइस नोट्सच्या शेजारी अजिबात नको. आणि आईच्या अकाउंटचं काय झालं ते कळव, पासवर्ड सापडत नसेल तर तसं लिही, गेलेल्या माणसाच्या अकाउंटसाठी घरच्यांनी गुगलकडे अर्ज करायची सोय आहे, ते कसं करायचं ते सांगते.